डाव्या पायाचा माग

डाव्या पायाबद्दल डोमाजी नेवारे यांची तक्रार अशी होती की तो फार चांगला चालतो.

गोंदियाच्या त्या पुनर्वसन केंद्रात डॉक्टर निलोफर शेख यांनी नाना तऱ्हेच्या तक्रारी ऐकल्या होत्या. पाय उचलत नाही, गुडघा दगा देतो, चप्पल कधी निसटली ते कळत नाही. अर्धांगवायूच्या माणसांची दुखणी ती. पण पाय चांगला चालतो म्हणून कुरकुरणारा पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

"म्हणजे नेमकं काय होतं, काका?"

"मी निघतो म्हनेपर्यंत हा निघून गेला रायते," डोमाजी म्हणाले. "उजवा माहा हाये, त्याची मले एकसष्ट वर्सांची ओळख हाये. हा डावा दुसऱ्याच कोन्या कामाले निघाल्यासारखा वाटते."

"दुसऱ्याचाच आहे तो," डॉक्टर हसल्या. "तुमच्या भावाचा. विसरलात?"

डोमाजी विसरले नव्हते. विसरण्यासारखी गोष्टच नव्हती ती.

चालण्याचं काम डोकं करतं, असा आपला सगळ्यांचा समज. तो अर्धाच खरा. डोकं फक्त हुकूम सोडतं: चल, थांब, वळ. कुठला स्नायू आधी आवळायचा, कुठला सैल सोडायचा, टाच कधी टेकायची, हा सगळा तपशील पाठीच्या कण्यातलं मज्जातंतूंचं एक जाळं परस्पर पाहतं. साहेब बैठकीला गेले तरी जुना हेडक्लार्क कचेरी चालवतो, तसंच हे. डोमाजींच्या मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली आणि डाव्या अंगाला हुकूम जाणं बंद झालं. कण्यातलं जाळं मात्र धडधाकट होतं. काम नाही म्हणून ते नुसतं बसून होतं, एवढंच.

या बसलेल्या जाळ्याला उठवायची युक्ती अलीकडे सापडली होती. कमरेला एक पट्टा बांधायचा, मांडीपासून घोट्यापर्यंत एक मोजा चढवायचा, आणि त्यांतून विजेचे अगदी बारीक ठोके ठराविक क्रमाने द्यायचे. प्रश्न एवढाच होता, की क्रम कोणाचा? सुरुवातीला शास्त्रज्ञांनी हजारो माणसांच्या चालींची सरासरी काढून ती सगळ्यांना वाटली. माणसं धडाधड पडली. चाल ही सहीसारखी ज्याची त्याची असते, आणि सरासरीची सही कुठल्याच बँकेत चालत नाही. मग ध्यानात आलं की कणा दोनच चाली मानतो. एक स्वतःची जुनी, नाहीतर सख्ख्या भावंडाची. ज्यांची जुनी चाल मनगटावरच्या घड्याळाने नाहीतर फोनने टिपून ठेवली होती त्यांचं भागलं. डोमाजी वनरक्षक म्हणून नोकरीला लागले आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले. सगळी हयात जंगलात फोन बंद ठेवून फिरलेला माणूस. वाघाला घंटी आवडत नाही, असं ते म्हणत.

म्हणून चाल दिली ती धाकट्या भावाने, हिवराजने. बारा आठवडे ती रोज ठोक्यांनी शिकवली की कण्यात मुरते, मग पट्टा काढून टाकला तरी जन्मभर राहते. डोमाजींचा अकरावा आठवडा संपत आला होता.

हिवराज दहा वर्षांनी लहान. पण गेले आठ महिने तोच मोठा झाला होता. डोमाजींना उचलून अंगणात आणायचं, आंघोळ घालायची, शी-शू काढायची, दाढी करायची, सगळं त्याने केलं आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. त्याने फक्त एकाच गोष्टीला वेळ लावला. डॉक्टरांनी त्याला चाल टिपणाऱ्या चटईवर चालून दाखव म्हटलं, तेव्हा तो "सांगतो" म्हणाला आणि दोन दिवस केंद्राकडे फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला, बूट काढले आणि मुकाट्याने दोन तास चालला. लाजला असेल, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

"चटई अन् बूट पुरे झाले," डॉक्टर म्हणाल्या. "आता घरी थोडं अनवाणी चाला. मऊ मातीवर. म्हणजे ओळख होईल पायाशी."

तशी ओळख झाली, आणि ती दुसऱ्याच दिवशी.

डोमाजींच्या गावामागे, चिंचटोल्याच्या मागे, एक बोडी आहे. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. माघ लागला होता, पाणी उतरून काठाला हातभर रुंद गाळ उघडा पडला होता. डोमाजींच्या बायकोने, कौतिकाबाईंनी, त्यांचे बूट हातात घेतले आणि ते काठाने चालू लागले. वीस पावलं, तीस पावलं. कौतिकाबाईंचे डोळे भरून आले. आठ महिन्यांपूर्वी या माणसाला पाणी पाजताना अर्धं गालावरून सांडत होतं.

चाळिसाव्या पावलाला डोमाजी थांबले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. ही त्यांची जन्माची खोड. मागावर काम करणारा माणूस आपल्या पावलांकडेही पाहतो. उजवीकडे त्यांचं स्वतःचं पाऊल उमटलं होतं, सपाट आणि सरळ. मग त्यांनी डावीकडचं पाहिलं.

टाचेची बाहेरची कड खोल गेली होती. तिथून भार बाहेरच्या अंगाने पुढे सरकला होता, आणि पाऊल उचलता उचलता अंगठ्याने पीळ देऊन मागे चिखलाची एक चंद्रकोर सोडली होती. पुढचं पाऊल तसंच. त्याच्या पुढचंही तसंच.

"काय हरवलं जी?" कौतिकाबाईंनी विचारलं.

डोमाजी त्या पावलाशी वाकले. हे पाऊल ते चौदा वर्षं शोधत होते. आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवात, धानाच्या बांधावर, जिथे म्हणून माणूस अनवाणी चालतो तिथे त्यांची नजर डाव्या पायाकडे जायची. आता ते त्यांच्याच पायाखालून निघालं होतं.

चौदा वर्षांपूर्वी याच भागात एक वाघीण मेली. कुणीतरी वरच्या विजेच्या लाईनवरून आकडा टाकून नाल्यालगत उघडी तार पसरली होती. तारेच्या खुंटीपाशी ओल्या मातीत एकच पाऊल सापडलं, डावं, अनवाणी. वरून दट्ट्या होता, पेपरवाले येऊन बसले होते. डोमाजी त्या बीटचे वनरक्षक, आणि माग काढण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

माग काढायची एक रीत असते. आधी आपली माणसं वजा करायची. साहेब, पंच, मजूर, जे जे आपल्यासोबत आले ते सोडायचे आणि उरलेल्यांत चोर शोधायचा. डोमाजींनी सोबतची सात माणसं सोडली आणि आजूबाजूच्या टोल्यांतल्या, म्हणजे वाड्या-वस्त्यांतल्या, सदतीस पुरुषांना शाळेच्या पटांगणात ओल्या वाळूवरून चालवलं. एकेक जण चालायचा, डोमाजी वाकून बघायचे, मग वाळू फावड्याने सारखी करून पुढच्याला बोलवायचे.

वाळू सारखी करायला हिवराज होता. वणव्याच्या दिवसांत खात्याने त्याला रोजंदारीवर घेतलं होतं. पायात खात्याचे बूट होते. तो सातांतला एक होता.

सदतिसांत बुधा मडावीचं पाऊल लांबीला जुळलं, रुंदीला जुळलं. दाब जुळला नाही. आणि मागाच्या कामात लांबी-रुंदी फसवते, दाब फसवत नाही, हे डोमाजी नव्या पोरांना घसा कोरडा होईस्तोवर शिकवायचे. बुधावर डुकराच्या फाशाची एक जुनी केस होती. साहेब म्हणाले, "डोमाजी, व्याख्यान नको. जुळतं की नाही?"

डोमाजी म्हणाले, "जुळते."

कोर्टातही तेच म्हणाले. बुधा तीन वर्षं आत राहिला. तो सुटून आला तोवर त्याची बायको माहेरी जाऊन तिथलीच झाली होती.

घरी आल्यावर डोमाजींनी कौतिकाबाईंना सगळं सांगितलं. सांगताना ते बसले नाहीत, अंगणात येरझारा घालत राहिले. त्या डोकं धरून खाटेवर बसल्या होत्या, पण दोन मिनिटांत सावरल्या.

"सारखेच पाय असतीन भावाभावाचे."

"माहा उजवा पाय घे ना. हाये का सारखा?" डोमाजी म्हणाले. "अन् त्या दिवसापासून तो अनवाणी चालला का कधी? तुळशीपाशी पन चपला घालून जाते म्हनून तूच वरडत होती त्याच्यावर."

ते खरं होतं. कौतिकाबाईंचा आवाज चढला.

"आठ महिने तुमचं ढुंगन कोनं धुतलं? म्या? माह्याच्यानं तुमी कुशीवर बी होत नव्हते. त्यानं धुतलं. आता चालाले लागले, तं त्याच्याच मागं लागता का?"

"बुधा तीन वर्सं..."

"बुधाचं झालं ते झालं. ते वर्सं तुमी वापस देनार हा का?"

डोमाजी पुन्हा येरझारा घालू लागले. बसावं तर बसवेना आणि चालावं तर प्रत्येक पावलाला हिवराज. कौतिकाबाईंचं म्हणणं त्यांना पटत होतं, हेच त्यांना जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ते केंद्रात गेले.

"बाई, हे चाल पुसता येते का?"

डॉक्टर निलोफर त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "येते. पण बारावा आठवडा संपायच्या आत. म्हणजे येत्या सोमवारपर्यंत. उलट्या क्रमाने ठोके देत गेलं की सहा आठवड्यांत कणा विसरतो. आणि काका, कणा एकदाच शिकतो. परत दुसरी चाल देता येणार नाही. पाय पुन्हा ओढत चालाल, कदाचित चालणारही नाही. कशासाठी पुसायची?"

"माही नाई म्हनून."

"रक्त दिलेलं असतं तर परत केलं असतं का?"

डोमाजी कसंनुसं हसले. पोरगी हुशार होती, पण तिला काय सांगणार? चाल पुसली तर माग पुसला जाईल. हिवराज पुन्हा जन्मभर बूट घालून हिंडेल आणि ही गोष्ट नवरा-बायकोसोबत जळून जाईल. नाही पुसली, तर सोमवारनंतर हा पाय जन्माचा चिकटला, आणि रोज बुधाच्या टोल्यावरून याच पायाने जायचं. तोंड मिटून जायचं, की उघडून?

गुरुवारी ते एकटेच हिवराजच्या शेतावर गेले. घरापासून चांगला पाऊण कोस. हिवराज लाखोळीचं पीक कापत होता. भाऊ काठीशिवाय बांधावरून येताना दिसला तसा तो विळा टाकून उभा राहिला. पण त्याने भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पायांकडे पाहिलं. डोमाजी अनवाणी आले होते.

"बूट काढ," डोमाजी म्हणाले.

"काढाची काय गरज हाये, भाऊ? तुह्याच पायात हाये ना माहा माग."

दोघंही बांधावर बसले. डोमाजींनी वाट पाहिली. विचारलं तर खोटं ऐकावं लागेल, अशी त्यांना धास्ती होती.

"डुकरासाठी लावली होती तार," हिवराज म्हणाला. "उनाळी धान उकरून टाकत होते. वाघीन येईन असं कोनाले वाटलं? सकाळी तारेपाशी मेलेली पायली. तसाच पळालो. मंग तुमी लोकं निघाले, तं मी बूट घालून तुमच्यात आलो."

"अन् बुधा? तुह्या डोळ्यांदेखत नेला त्याले."

हिवराजने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर आता वेगळंच काहीतरी होतं, गोंधळल्यासारखं.

"तू जुळते म्हनला ना, भाऊ. मी तिथं वाळू सारखी करत होतो. सदतीस झाले अन् मले वाटलं, आता तू माह्याकडं पायशीन, म्हनशीन, ये, आता तू चाल. अन् तू म्हनला, जुळते. तुह्यासारखा मानूस चुकते का? म्या समजलो, तुले दिसलं. मले वाचवासाठी म्हनला."

डोमाजी त्याच्याकडे वळले.

"चौदा वर्सं मी तेच समजून हावो," हिवराज म्हणाला. "तुले मालूम नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग काहून म्हनला जुळते?"

साहेबाला घाई होती म्हणून. पेपरवाले बसले होते म्हणून. सदतीस माणसं चालवूनही हात हलवत परत जायची लाज वाटली म्हणून. यातलं एकही कारण डोमाजींना भावासमोर उच्चारता आलं नाही. भावाने कुठे त्यांना देवाच्या जागी बसवून ठेवलं होतं आणि ते तिथे कशाने पोचले होते! एवढी आठ महिन्यांची सेवा, ती कशाची फेड होती ते आता कळलं, आणि ते ऐकून त्यांना पळून जावंसं वाटलं.

"चाल मागतली तवा दोन दिवस भेव वाटलं," हिवराज हळूच म्हणाला. "म्हनलं, आता हा माग भावाच्या अंगावर राहीन. मंग म्हनलं, भावाले तं मालूमच हाये. त्याच्यापासून काय लपवाचं?" तो थोडा थांबला. "पुसून टाक, भाऊ. डॉक्टरीनबाई म्हने, पुसता येते. मी उचलीन तुले. जल्मभर उचलीन. माही मेहनत तुले मालूम हाये."

आणि तो खरंच उचलेल, यात डोमाजींना तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तर तिथे बसवेना. ते उठले आणि काही न बोलता चालू लागले. पाठीमागे हिवराज बांधावर बसून त्यांच्या डाव्या पायाकडे बघत असणार, हे त्यांना वळून न पाहताही समजत होतं.

शुक्रवार तसाच तळमळत गेला. कौतिकाबाईंनी भाकर वाढली, ती थंड झाली. शनिवारी सकाळी डोमाजींनी केंद्रात फोन लावला.

"पुसू नोका, बाई. मुरू द्या."

"हे बरं केलंत, काका," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज फुलला होता.

कौतिकाबाईंचाही जीव भांड्यात पडला. पण नवरा बूट न घालता बाहेर पडला आणि नाल्याकडे, बुधाच्या टोल्याच्या वाटेला वळला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्या दारापर्यंत धावत गेल्या, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग चौकटीला धरून तशाच उभ्या राहिल्या.

बुधा मडावीचं घर टोल्याच्या टोकाला होतं. त्याच्या बहिणीने नुकतंच अंगण सारवलं होतं, शेणाची ओल अजून चमकत होती. बुधा पडवीत बसून जाळ्याची फाटकी दोरी ओवत होता. डोमाजींना बघून तो उठला. या माणसाने त्याला आत घातलं होतं, तरी गावातलं वय मोठं, म्हणून तो उठला.

"चालाले लागले जी तुमी! थांबा, अंगन ओलं हाये. तिकून या, कडेनं."

ओल्या सारवणावर पाय ठेवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. डोमाजी सरळ अंगणाच्या मधोमध गेले. डावा टाकला, उजवा टाकला. मग एक पाऊल मागे सरून उभे राहिले. बुधाची बहीण चुलीपाशी काहीतरी पुटपुटली.

"पाय," डोमाजी म्हणाले.

आमच्याकडे पाहा म्हणायलाही हाच शब्द आहे. बुधाला आधी तो कुठल्या अर्थाने घ्यावा ते कळेना. मग त्याने खाली पाहिलं.

कोर्टाच्या अकरा तारखांना त्याच्यासमोर त्या पावलाचा फोटो धरला होता. हे तुझं का? नाही. नीट बघ, तुझं का? नाही साहेब. डोमाजींनी ते पाऊल चौदा वर्षं शोधलं असेल, पण बुधाने त्याच्यापायी तीन वर्षं भोगली होती. तो उकिडवा बसला. टाचेची कड, बाहेरचा भार, अंगठ्याची कोर, सगळ्यावरून त्याने हवेतच बोट फिरवलं, शेणाला बोट लागू दिलं नाही.

"कोनाचा हाये?" त्याने विचारलं.

"माह्या भावाचा. हिवराजचा." मशीनने भावाची चाल आपल्यात कशी आली, तार कोणी लावली होती, ते डोमाजींनी चार वाक्यांत सांगितलं. त्यांची जीभ जड झाली होती, आजारपणात व्हायची तशी. "पुसता येत होतं. म्या पुसू देल्लं नाई. साहेबाले बलाव. मी पुन्हा साक्ष देतो, अन् हा पायही देईन."

बुधाने वर न पाहताच विचारलं, "तवा वाळूवर माहा पाय पायला ना जी तुमी. तवा तुमाले वाटलं होतं, तो माहाच म्हनून?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि सोपी होती. वाटलं होतं, एवढंच म्हणायचं. चूक कुणाचीही होते.

"नाई," डोमाजी म्हणाले. "दाब जुळत नव्हता. मले दिसत होतं."

बुधा उठून घरात गेला आणि एक टोपलं घेऊन आला. माग सापडला की पंच येईपर्यंत त्यावर टोपलं पालथं घालायचं, ही जंगलखात्याची जुनी रीत. त्याच्या टोल्यावर एकदा सगळ्यांनी ती पाहिली होती. त्याने डाव्या पावलावर टोपलं ठेवलं, कडा अलगद दाबून. मग तो पुन्हा आत गेला, बहिणीच्या पुढ्यातलं दुसरं टोपलं उचललं, त्यातली वाळली मोहफुलं जमिनीवर ओतली आणि ते आणून उजव्या, डोमाजींच्या स्वतःच्या, पावलावर पालथं घातलं.

डोमाजी ओल्या अंगणात उभेच होते. बुधाने त्यांना बसा म्हटलं नाही. त्याने खिशातून फोन काढला, वनखात्याच्या कचेरीचा नंबर लावला आणि टोपल्यांकडे बघत बोलू लागला.

"हाव साहेब, बुधा मडावी बोलून रायलो. तुमच्या वाघिनीच्या केसचा माग सापडला. पंच घेऊन या." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बुधाने मान हलवली. "एक नाई साहेब. दोन हायेत."